पावसाच्या आवाजावर झोप: पेठेतल्या दुकानात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. रात्री नऊनंतर येणाऱ्या गिऱ्हाइकांत एखादा तरी काउंटरवर वाकून हळूच म्हणतो, "झोपेची एखादी गोळी द्या की." डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी देता येत नाही आणि मी देत नाही. पण समोरचा माणूस चार रात्री जागा आहे हे डोळ्यांवरून दिसत असताना नुसतं "नाही" म्हणून परत पाठवणं जिवावर येतं. मग थोडं बोलणं होतं आणि त्यातच पावसाच्या आवाजाचा विषय निघतो. तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की एकदा नीट लिहून काढावेत असं वाटलं.

पावसाच्या आवाजानं खरंच झोप लागते, की नुसतं मनाचं समाधान?

बऱ्याच जणांना उपयोग होतो, सगळ्यांना होत नाही. कारण समजून घेतलं की आपल्याला लागू पडेल का याचा अंदाज येतो.

डोळे मिटतात तसे कान मिटत नाहीत. झोपेतही मेंदू पहाऱ्यावर असतो. म्हणून तर गाढ झोपलेल्या आईला बाळाची कुरकुर ऐकू येते आणि आपल्या नावाची हाक दुसऱ्या कुठल्या नावापेक्षा लवकर जागं करते. हा पहारेकरी आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती अचानक बदलला याला जास्त दचकतो. सामसूम खोलीत शेजारच्या स्वयंपाकघरात ताट पडलं की आपण उठून बसतो. तेच ताट आषाढातल्या धो धो पावसात पडलं तर कूस बदलून पुन्हा झोपतो. ताटाचा आवाज तेवढाच असतो, पण मागे पाऊस असल्यामुळे त्याची उडी लहान होते. आवाजावर आवाजाचं पांघरूण घातल्यासारखं ते काम चालतं.

दुसरं असं की पावसात शब्द नसतात. टीव्ही लावून झोपणाऱ्यांचं मन वाक्यांच्या मागे मागे जात राहतं. संततधारेत कान द्यावं असं काही सुटं घडतच नाही, त्यामुळे थोड्या वेळानं मन ऐकायचं सोडून देतं.

शास्त्राचं म्हणाल, तर २०२१ साली अशा आवाजांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला आणि त्यात पुरावा कमकुवत असल्याचं म्हटलं आहे. काहींची झोप सुधारली, काहींची बिघडलीसुद्धा. म्हणून मी सांगतो, आठवडाभर करून बघा. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं तर चालू ठेवा, नाहीतर सोडून द्या. त्यात खर्च काहीच नाही.

मोबाईलवर शंभर प्रकारचे पाऊस दिसतात. कुठला लावू?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर आपल्या भाषेतच आहे. पावसाला आपल्याकडे जेवढे शब्द आहेत, तेवढे त्याचे आवाजही आहेत.

वळीव लावू नका. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी येतो तो वळीव वाऱ्यासकट, गडगडाटासकट येतो आणि अर्ध्या तासात संपतो. गडगडाट म्हणजे नेमकी तीच अचानक उडी, जिच्यापासून आपल्याला लपायचं आहे. मोबाईलवरच्या निम्म्या आवाजांत हौसेनं विजा घातलेल्या असतात. ऐकायला छान वाटतं, पण रात्री दोन वाजता ते दगा देतं. परतीच्या पावसालाही हेच लागू. श्रावणातली सरही नको, कारण ती येते आणि थांबते. पाऊस थांबला की झोपेतही जाणवतं.

हवी ती झड. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. या दोन नक्षत्रांत गगनबावडा, राधानगरीकडे जो लागून राहतो, ना वाढत ना कमी होत, दिवस आहे की रात्र तेही कळू देत नाही, तो पाऊस झोपेसाठी सर्वांत चांगला. झाडांवर, मातीवर, कौलांवर पडणारा घ्या. रिपरिपही चालते, पण फार बारीक असेल तर शेजारचा आवाज झाकत नाही.

पत्र्यावरच्या पावसाचं मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. ज्याचं लहानपण पत्र्याखाली गेलं त्याला तो अंगाईसारखा लागतो. स्लॅबच्या घरात वाढलेल्या माणसाला तो ताशासारखा वाटतो. मी पहिल्या गटातला आहे.

मग नळ गळतो तोही पाण्याचाच आवाज. त्यानं झोप का मोडते?

कारण तो सुटा आहे. एक थेंब पडला की मन पुढच्याची वाट बघायला लागतं. पावसात लाखो थेंब एकमेकांत मिसळून जातात, वाट बघायला जागाच उरत नाही.

आमच्या जुन्या घरात माजघराचा पत्रा एका खिळ्यापाशी गळायचा. खाली आई पितळी घमेलं ठेवायची आणि त्यात जुन्या लुगड्याचा तुकडा टाकायची. तो टाकला की टप टप बंद. मला ती आईची युक्ती वाटायची, त्यामागचं कारण खूप उशिरा समजलं. थेंब पाण्यावर आपटला म्हणून तो टपकन आवाज येत नाही. थेंब पडल्यावर पाण्यात खळगा पडतो, तो मिटताना खाली हवेचा एक छोटा बुडबुडा अडकतो आणि तो बुडबुडा थरथरतो, त्याचा तो आवाज. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. पाण्यात भांडी घासायचा साबण घातला तरी आवाज बंद होऊ शकतो, हेही त्यांनी सांगितलं. आईच्या घमेल्यात थेंब पाण्याऐवजी कापडावर पडायचा, बुडबुडा व्हायचाच नाही.

तेव्हा नळ गळत असेल तर प्लंबर येईपर्यंत खाली फडकं ठेवा. त्यावर पावसाचा आवाज लावून झाकायला जाऊ नका.

व्हाइट नॉइज, पिंक नॉइज, ब्राउन नॉइज म्हणजे काय? पाऊस यातला कुठला?

व्हाइट नॉइजमध्ये सगळ्या कंपनसंख्यांना सारखी ताकद असते. जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यावर जी खरखर यायची, ती याच जातीची. कानाला जरा टोचतो. पिंकमध्ये प्रत्येक सप्तकाला सारखी ताकद मिळते, म्हणून तो खालच्या पट्टीकडे झुकलेला आणि मऊ लागतो. एकसारखा पडणारा पाऊस साधारण याच्या जवळ जातो. ब्राउन त्याहून खोल, लांबच्या धबधब्यासारखा. त्यातलं ब्राउन हे रंगाचं नाव नाही, रॉबर्ट ब्राउन या शास्त्रज्ञाचं आहे. नावात अडकू नका, कानाला कुठला बरा वाटतो ते बघा.

आवाज किती ठेवायचा?

लोक इथंच चुकतात. बाहेरचा आवाज बुडावा म्हणून पाऊसच इतका मोठा करतात की तोच गोंगाट होतो.

आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनी नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तर झोपायच्या खोलीत सतत चालणारा आवाज ३० च्या आत असावा असं म्हटलं होतं. पेठेत ते ३० कुठून आणायचे, हे मलाही कळतं. माझा सल्ला असा: उशीपाशी ४० च्या आसपास ठेवा, ५० च्या वर कधीच नको. मोबाईलवर मोजायची ॲप मिळतात, त्यांचा आकडा अंदाजे असतो पण चालतो. आकड्याची कटकट नको असेल तर शेजारी झोपलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलून बघा. त्याला "काय?" असं विचारावं लागलं तर पाऊस जास्त आहे.

स्पीकर उशीजवळ नको. खिडकीकडे किंवा ज्या भिंतीपलीकडून त्रास येतो तिकडे ठेवा. आवाज बाहेरून आल्यासारखा वाटला की मन लवकर विसरतं.

रात्रभर चालू ठेवू की टायमर लावू?

झोप लागायलाच वेळ लागत असेल तर तास-दीड तासाचा टायमर पुरे. फक्त शेवटी आवाज हळूहळू विरत जाईल असं बघा, पटकन तुटला तर त्यानंच जाग येते. पहाटे मोडत असेल तर मात्र रात्रभर लागतो. आमच्या गल्लीत साडेचारला नळाला पाणी येतं आणि एकामागून एक मोटारी सुरू होतात, मग दूधवाला, मग तालमीत जाणारी पोरं. त्या वेळी पांघरूण अंगावर असायला हवं.

मोबाईलवर लावला, मधेच जाहिरात लागली आणि अख्खं घर जागं झालं. काय करायचं?

फुकटच्या व्हिडिओवर लावूच नका. आवाजाची फाईल मोबाईलमध्ये उतरवून घ्या, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, पालथा ठेवा. घरातल्या कुणाचा रात्री फोन येऊ शकत असेल तर फ्लाइट मोडऐवजी जुना, सिम नसलेला मोबाईल वापरा. आयफोनमध्ये २०२१ पासून पार्श्वभूमीच्या आवाजांची सोय आतच आहे, ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये, आणि तिथं पाऊस आहे.

फाईल लांब निवडा. तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असेल तर त्याचा सांधा कानाला सापडतो आणि एकदा सापडला की मग तोच ऐकू येत राहतो. गळक्या नळाचंच दुसरं रूप.

आणि हे सगळं नको असेल तर टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा. जमलं तर जमलं!

इअरफोन घालून झोपलं तर?

नको. कुशीवर झोपल्यावर कानाला रुततो, वायर गळ्याभोवती येते आणि आवाज थेट पडद्यावर जातो. शिवाय पावसाळ्यात आपल्याकडे दमट हवेत कानात बुरशी होणारे पुष्कळ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कानाचे थेंब मागायला येणाऱ्यांत इअरफोनवाली तरुण मुलं जास्त दिसतात. रात्रभर बंद कान, आत ओल, बुरशीला आणखी काय हवं?

तान्ह्या बाळासाठी लावलेलं चालतं का?

चालतं, पण इथं चूक करू नका. २०१४ मध्ये बाळांसाठीच्या १४ आवाजयंत्रांची तपासणी झाली. पाळण्याजवळ, ३० सेंटिमीटरवर, पूर्ण आवाजात ती सगळी ५० डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर ८५ च्याही पुढे. बाळाचे कान आणि बोलणं ऐकून भाषा शिकणारा मेंदू दोन्ही नाजूक असतात. यंत्र किंवा मोबाईल पाळण्यापासून किमान दोन मीटर लांब, आवाज अगदी कमी, बाळ झोपलं की बंद. पाळण्यात मोबाईल ठेवणाऱ्या वहिनींना मी दुकानातून हात जोडून सांगितलं आहे.

आजी बाळाला छातीशी धरून "शू ऽ शू ऽ" करते ना, तो आवाज पावसाच्याच जातीचा आहे. त्याला चार्जिंग लागत नाही.

सासूबाईंचं वय ऐंशी. त्यांना हा आवाज ऐकूच येत नाही म्हणतात.

वय झालं की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बारीक पावसाचा सळसळाट त्यांना पोचत नाही. आवाज वाढवण्याऐवजी खोल, घुमणारा पाऊस निवडा किंवा ओढ्याच्या पुराचा धीरगंभीर आवाज घ्या. घरात आजारी माणूस असेल, रात्री हाक मारत असेल, तर मात्र त्याची काळजी घेणाऱ्यानं स्वतःच्या खोलीत आवाज लावू नये.

मी शिरोलीला फाउंड्रीत रात्रपाळीला आहे. दिवसा झोप लागत नाही.

दादा, तुम्हाला याचा सगळ्यात जास्त उपयोग व्हावा, कारण दिवसाचे आवाज सुटे असतात. भाजीवाला, कुकरची शिट्टी, शाळेतून आलेली पोरं. पाऊस लावाच, पण खिडकीला जाड काळा पडदाही लावा. उजेडाला पाऊस अडवत नाही. पाळी संपवून घरी येताना चहा नको.

आमच्या मालकांना आवाज चालत नाही, मला त्याशिवाय झोप नाही.

काकू, स्पीकर तुमच्या बाजूला जमिनीवर, गादीच्या कडेखाली ठेवून बघा. उशीखाली ठेवायचे चपटे स्पीकरही मिळतात. आणि मालक घोरतात म्हणून तुम्ही पाऊस लावत असाल तर खरं सांगा. घोरणं मधेच थांबून, श्वास अडकून, मग गुदमरल्यासारखी धाप लागत असेल, दिवसा बसल्या बसल्या डुलकी येत असेल, तर तो झोपेतला श्वासरोध असू शकतो. तो झाकायचा नसतो, तपासून घ्यायचा असतो.

पाण्याच्या आवाजानं लघवीला जावंसं वाटतं.

बऱ्याच जणांना वाटतं, लाजू नका. ओढ्याचा, नळाचा आवाज सोडून पानांवरचा पाऊस घ्या, नाहीतर पंखा. तरी रात्री दोन-तीनदा उठावं लागत असेल तर साखर तपासा.

गणपतीत साउंड सिस्टीम लागते तेव्हा?

त्याला पाऊस पुरा पडत नाही. खालच्या पट्टीचा दणका भिंतीतून येतो, खिडकीच्या काचा हलतात. तो बुडवायला जाल तर तुमच्याच कानांचं नुकसान. त्या चार दिवसांत आतल्या खोलीत झोपा, फोमचे कानातले बोळे वापरा.

सगळे म्हणतात पावसाच्या आवाजानं शांत वाटतं. मला छातीत धडधडतं. माझंच काही चुकतंय का?

काही चुकत नाही. हा प्रश्न मला सुतारवाड्याकडच्या एका ताईंनी विचारला आणि त्यानंतर मी पावसाचा सल्ला सरसकट देणं बंद केलं.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, आपल्याकडचे दोन महापूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट, आणि त्या दोन्ही वेळी पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली. ज्यांनी त्या रात्री मुलं, म्हातारी माणसं आणि म्हशी घेऊन घर सोडलं, त्यांच्यासाठी संततधार ही बातमी असते. "पाणी किती फूट झालं?" हा एकच प्रश्न त्यातून ऐकू येतो. मी वर म्हटलं की पावसात कान द्यावं असं काही नसतं. चिखली-आंबेवाडीसारख्या पूरग्रस्त गावातल्या माणसाला ते लागू नाही. त्याचा पहारेकरी बरोबरच काम करतोय.

अशा वेळी पावसाच्या आवाजाची सवय करून घ्यायच्या मागे लागू नका. पंखा, ब्राउन नॉइज, तंबोरा, काहीही एकसारखं चालेल. खऱ्या पावसाच्या रात्री झोपच लागत नसेल, जुनं सगळं डोळ्यांपुढे येत असेल, तर बोला. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे मला दुकानात रोज कुणाला तरी सांगावं लागतं आणि मी ते सांगत राहणार.

आणि नदीकाठच्या सगळ्यांसाठी: पाणी चढत असेल त्या रात्री कुठलाच आवाज लावू नका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले, स्थलांतर करा, अशी हाक आली तर ती ऐकू यायला हवी.

कानात सतत कुईं आवाज येतो. शांतता असली की वाढतो.

त्याच्यासाठी हलका पाऊस चांगला. तो आवाज पूर्ण बुडवायचा नाही, त्याच्या शेजारी पाऊस बसेल इतकाच ठेवायचा. एकाच कानात असेल किंवा अचानक ऐकू येणं कमी झालं असेल तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, थांबू नका.

याची सवय लागते का? आणि गोळी बंद करून हे सुरू करू का?

सवय लागते, पण ती उशीच्या सवयीसारखी. सोडायची असेल तर दर दोन-तीन दिवसांनी आवाज थोडा थोडा कमी करत जा.

गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, हे मी पोटतिडकीनं सांगतो. बरेच दिवस घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर त्रास उलटा वाढतो, काहींना फिटही येऊ शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याच सांगण्यावरून ती हळूहळू कमी करायची.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने झोप लागत नसेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर आधी गोळी नको, आधी सीबीटी-आय ही बोलून करायची उपचारपद्धत द्यावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं आहे. झोप नसेल तेव्हा अंथरुणात लोळत न राहणं, रोज एकाच वेळी उठणं, असं बरंच त्यात असतं. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

घरचाच पाऊस रेकॉर्ड करून ठेवता येईल का?

नक्की ठेवा. माझा पुतण्या बेंगळुरूला असतो. त्यानं मागितला म्हणून मी जुलैत माडीच्या सज्जात मोबाईल ठेवून पाऊस भरला. पहिल्या वेळी नुसता वारा आला. दुसऱ्या वेळी मोबाईल भिंतीच्या आडोशाला, खाली घडी केलेला टॉवेल, वर पातळ मलमल टाकली. टॉवेलमुळे फरशीचे धक्के येत नाहीत, मलमलीमुळे वारा मोडतो. फ्लाइट मोड लावा आणि एक तासभर तिकडे फिरकू नका. रात्री एक ते तीनची वेळ चांगली, रिक्षा नसतात. नंतर एकदा पूर्ण ऐका, कुत्रं भुंकलं असेल तेवढा भाग काढून टाका.

पुतण्याच्या फाईलमध्ये चाळिसाव्या मिनिटाला त्याच्या आजीचा खोकला आला होता. तो काढू का असं विचारलं, तर म्हणाला, "राहू दे काका."